दारातलं स्वस्तिक, शेजारचा झेंडा : तुमचे अनुभव लिहा

मोगरा
दिवाळीच्या आवराआवरीत रांगोळीचे छाप सापडले, त्यात स्वस्तिकाचा, आणि एकदम साउथ कॅरोलायना आठवलं. २०१५ च्या जूनमध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने नऊ कृष्णवर्णीय माणसं मारली, त्याचे कॉन्फेडरेट झेंड्यासोबतचे (अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बाजूचा झेंडा) फोटो बाहेर आले आणि जुलैत स्टेट हाउसच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या आवारातून तो झेंडा उतरवला. आमच्या समोरच्या आजोबांच्या पोर्चवर मात्र तसाच. त्यांचे पणजोबा दक्षिणेकडून लढले होते म्हणून. माणूस मायाळू, बागेतले टोमॅटो आणून द्यायचे. पण माझी कृष्णवर्णीय मैत्रीण लेकीला घेऊन त्यांच्या घरापाशी आली की रस्ता ओलांडून पलीकडून जायची, रोज. गुलामगिरी टिकवायला लढलेल्यांचा झेंडा तो, तिला दुसरं काय दिसणार? खाजगी घरावरचा झेंडा सरकार काढायला लावू शकत नाही, लावूही नये असं मला आजही वाटतं. पण त्या मायलेकी डोळ्यांपुढून हलत नाहीत. आपल्या दारातल्या स्वस्तिकाने कुणाला असं होत असेल का?

जर्सीची काकू
झालंय. शेजारच्या ज्यू आजी फराळाचं ताट परत द्यायला आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थबकल्या, चेहरा पांढराफटक. माहेरची निम्मी माणसं छळछावणीत गेलेली. हाताला धरून आत आणलं, देवघर दाखवलं, कलशावरचं कुंकवाचं स्वस्तिक, त्यातले चार ठिपके. नीट बघितलं त्यांनी. तेव्हापासून दाराबाहेर कमळ काढते, स्वस्तिक आत. हे म्हणाले आपण का माघार घ्यायची, मला नाही वाटत माघार.

सह्याद्री
काकू आदर आहे पण मी काढणार. हजारो वर्षांचं शुभचिन्ह हिटलरने उचललं, त्याची शिक्षा आपल्याला का? कॅलिफोर्नियात २०२२ च्या कायद्यात नाझींचं चिन्ह आणि हिंदू बौद्ध जैनांचं स्वस्तिक वेगळं केलंय. कोणी विचारलं तर बसवून समजावेन.

जर्सीची काकू
अरे विचारणारा विचारतो. त्या आजी काहीच न बोलता निघाल्या होत्या.

म्युनिककर
इथे जर्मनीत नाझी चिन्हांवर बंदी, फौजदारी कलम ८६अ. धार्मिक स्वस्तिक त्यात धरत नाहीत, पण लांबून बघणाऱ्याला काय कळणार. नव्या गाडीची पूजा केली, बॉनेटवर आईने कुंकवाने स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि गॅरेजमधून काढायच्या आधी ओल्या फडक्याने पुसलं. आई हिरमुसली, मग म्हणाली डॅशबोर्डवर गणपती ठेव.

रानफूल
काकू चकल्या होत्या का ताटात? भाजणी तिकडे कुठे मिळते, माझ्या दर वर्षी तुटतात

डेल्टावासी
आमच्या मिसिसिपीत तर राज्याच्या झेंड्यातच ते कॉन्फेडरेट चिन्ह, १८९४ पासून. २०२० मध्ये काढलं, आता मॅग्नोलियाचं फूल. तेव्हा ऑफिसात फार वाद झाले. शाळेवर, कोर्टावर सगळ्यांचा झेंडा हवा, घरावर ज्याचा त्याचा, मला एवढं पटतं. बाकी रात्री लिहितो, मुलाला क्लासहून आणायचंय.

सह्याद्री
मोगरा, त्या आजोबांशी कधी बोललात का?

मोगरा
हो, यांनी विचारलं होतं. म्हणाले माझ्या मनात कुणाबद्दल वाईट नाही. खरंच नसेल. पण समोरून जाणाऱ्या बाईला कधी हाक मारून विचारलं नाही त्यांनी, ते मला खटकतं अजून.

जर्सीची काकू
रानफूल, भाजणी घरचीच. तुटतात म्हणजे मोहन जास्त होतंय, कमी घाल आणि उकड गरम असतानाच मळ. व्यनि (खाजगी निरोप) करते प्रमाण.