काळा पाय: आर्सेनिकच्या गावांत सेलेनियम-जस्त वाटावं का?

जीवरसायन:
तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बेइमेन, शुएजिया, बुदाई, यिझू भागांत वरच्या विहिरी खारट. म्हणून 1910-20च्या दशकांपासून तिथे 100 ते 280 मीटर खोल नळविहिरी घेतल्या. पाण्यात लिटरला 0.35 ते 1.14 मिलिग्रॅम आर्सेनिक (आपला जुना सोमल) निघालं. पायाच्या धमन्या बुजायच्या, बोटं काळी पडून सुकायची, कधी आपोआप गळायची. यालाच 'काळा पाय' म्हणतात.

माझ्या मते हे एकट्या आर्सेनिकचं काम नाही. चिलीतल्या आंतोफागास्तात 1958 ते 1970 लिटरला सुमारे 0.86 मिलिग्रॅम होतं, तरी पाय झडण्याची अशी लाट आली नाही. तैवानच्या विहिरींत ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या झाडपाल्यातून पाण्यात उतरणारी) होती आणि ताटात मुख्यतः रताळं. अंडी, मांस, भाजी कमी. सेलेनियम ग्लुटाथायोनच्या (पेशींतल्याच एका संरक्षक रेणूच्या) मदतीने आर्सेनिकला जखडतं आणि दोन्ही पित्तावाटे बाहेर पडतात, हे प्राण्यांत दिसलंय. बाधित गावांत सेलेनियम-जस्त वाटायला हवं.

पाणीतपासनीस:
तुलनाच चुकतेय. आंतोफागास्तात तो काळ बारा वर्षांचा, तैवानात दशकानुदशकांचा. आणि चिलीतही धमन्या सुटल्या नाहीत: मुलांची बोटं थंडीत पांढरी पडायची, लहान वयात हृदयाच्या धमन्या जाड झालेल्या शवविच्छेदनात सापडल्या.

तैवानात रोगाचा कळस 1956-60. साठच्या दशकाच्या सुरुवातीला नळाचं पाणी आलं आणि नवे रुग्ण घटत गेले. सेलेनियम कोणी वाटलं नव्हतं.

जीवरसायन:
त्याच वर्षांत जेवणही सुधारलं. श्रेय एकट्या नळाला कसं द्यायचं? कुपोषण आणि रताळ्यावरचं जगणं या रोगाशी जोडलेलं तिथल्याच अभ्यासांत आलंय.

धमनीवाला:
कुपोषणाचा मुद्दा खरा आहे, पण त्यावरून गोळ्यांपर्यंत उडी नको. सेलेनियमची रोजची गरज 55 मायक्रोग्रॅम, वरची मर्यादा 400. इतकी अरुंद पट्टी! पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे. तिथे केस गळणं, नखं खराब होणं दिसतं. रक्त न तपासता सरसकट गोळी देणं म्हणजे अंधारात बाण.

जस्ताचं तर आणखी वाईट. महिनोन्महिने जास्त जस्त दिलं की आतड्यातून तांबं शोषलं जात नाही, रक्तक्षय होतो, पाय बधिर होतात. आर्सेनिकनेही पाय बधिरच होतात. मग समोरच्या रुग्णात नक्की काय चाललंय हे ओळखायचं कसं?

पूरक द्यायचंच तर फॉलिक आम्लाला आधार बरा आहे. ते आर्सेनिकवर मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा तुकडा) चढवायला मदत करतं आणि मग आर्सेनिक लघवीवाटे जातं. बांगलादेशात फोलेट (हेच जीवनसत्त्व) कमी असलेल्यांना रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, 12 आठवडे दिल्यावर रक्तातलं आर्सेनिक सुमारे 14 टक्के उतरलं. बस, 14.

धमनीची तपासणी स्वस्तात होते. रुग्णाला दहा मिनिटं आडवं झोपवा, डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने) घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचा वरचा (सिस्टोलिक) आकडा घ्या, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागा. 0.90 किंवा कमी आलं तर धमनी अरुंद झालीय. 1.40च्या वर आलं तर खूश होऊ नका. मधुमेहात धमनी कडक होऊन दाबलीच जात नाही. आणि तंबाखू आधी सोडवा.

पाणीतपासनीस:
पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, पण तपासणीचा आकडा खरा आला तरच तिचा उपयोग. हापशाचं पाणी बाटलीत ठेवलं की तासाभरात तळाशी तांबूस गाळ बसतो. ते लोह, आणि आर्सेनिक त्यालाच चिकटून खाली गेलेलं. वरचं नितळ पाणी तपासलं की विहीर 'सुरक्षित' ठरते! काही मिनिटं हापसून मगच बाटली भरा आणि लगेच नायट्रिक आम्ल घालून पीएच 2च्या खाली आणा. कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर आर्सेनिक तपासायच्या किटच्या पट्टीवर विश्वास नको, सल्फाइडनेही तिचा रंग बदलतो.

उकळून तर मुळीच पिऊ नका. पाणी आटतं, आर्सेनिक तिथेच राहतं. आरओही तीन-संयुजी आर्सेनिक (पाण्यातल्या आर्सेनिकच्या दोन रूपांपैकी एक) नीट अडवत नाही. आधी क्लोरीनने ते पाच-संयुजी (दुसरं रूप) करावं लागतं, आणि आरओच्या पडद्याआधी क्लोरीन कार्बनच्या गाळणीतून काढावं लागतं, नाहीतर पडदाच खराब.

जीवरसायन:
पाणी आधी, हे मान्य. पण वीस वर्षं ते पाणी प्यायलेल्याची धमनी विहीर बदलल्याने मोकळी होत नाही. त्याच्यासाठी रक्तातलं सेलेनियम मोजून, कमी असेल त्यालाच रोज 55 मायक्रोग्रॅमच्या आसपास द्या, एवढं तरी मान्य कराल?

धमनीवाला:
मोजून, कमी असेल त्यालाच, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजून. हो.