अमिरी बराका यांची कविता ऐकताना त्यांचे राजकारण बाजूला ठेवता येते का?

प्रश्न:
मी न्यू जर्सीत राहतो आणि कामावर जाताना गाडीत बऱ्याचदा कृष्णवर्णीय अमेरिकन कवी अमिरी बराका यांच्या काव्यवाचनाची ध्वनिमुद्रणे ऐकतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्यांनी लिहिलेल्या ‘समबडी ब्ल्यू अप अमेरिका’ या दीर्घ कवितेने मला खिळवून ठेवले. ‘हू’, म्हणजे ‘कोण’, हा एकच शब्द ते ओळीमागून ओळ आपटत नेतात; गुलामगिरीचा, लुटीचा, खुनांचा जाब विचारता विचारता लय चढत जाते आणि अखेरीस तोच शब्द घुबडाच्या घूत्कारासारखा लांबत जातो. मात्र जुळ्या मनोऱ्यांतील चार हजार इस्रायली कर्मचाऱ्यांना त्या दिवशी घरी राहायला कोणी सांगितले, असाही एक प्रश्न त्याच माळेत ओवलेला आहे, आणि ती निव्वळ अफवा होती. अशा वेळी ‘कविता आवडली’ असे म्हणावे तरी कसे?

प्रतिसाद १:
छापील कविता वाचताना कवी नजरेआड असतो. मंचावरून म्हटलेल्या कवितेत श्वास, आवाज आणि संताप त्याचाच असल्यामुळे ‘हे कवितेतले पात्र बोलते आहे’ ही पळवाट उरत नाही. बराका यांनीही ती शोधली नाही. सप्टेंबर २००२ मध्ये डॉज काव्यमहोत्सवात त्यांनी ही कविता वाचली तेव्हा ते न्यू जर्सीचे राजकवी होते. गव्हर्नरांनी राजीनामा मागितला, त्यांनी तो दिला नाही आणि राजकवीला काढण्याची तरतूदच नसल्याने २००३ मध्ये विधिमंडळाने ते पदच रद्द केले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार मला वाटतो. त्यांच्या लयीला दाद जरूर द्यावी, पण त्या ओळीला ‘कविस्वातंत्र्य’ म्हणून सूट देऊ नये.

प्रतिसाद २:
‘कवीचे राजकारण’ या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, असे मला वाटते. नामदेव ढसाळ आठवा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या लढाऊ संघटनेपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी करणाऱ्यांपैकी ते एक. पुढे त्यांनी आणीबाणीला पाठिंबा दिला आणि १९७४ च्या वरळी दंगलीत पँथर जिच्याविरुद्ध उभी राहिली, त्या शिवसेनेच्याही ते नंतर जवळ गेले. हे मला आजही खटकते, परंतु त्यामुळे ‘गोलपिठा’तील एकही ओळ खोटी पडत नाही, कारण ते राजकारण त्या कवितेच्या बाहेरचे आहे. बराका यांच्या बाबतीत आक्षेपार्ह गोष्ट कवितेच्या आतच बसलेली आहे, म्हणून ती वेगळी काढण्याचा प्रश्नच येत नाही. तिच्यासकटच कवितेची पारख करावी लागेल.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. आपले प्रतिसाद वाचल्यावर मी ती कविता पुन्हा ऐकली. ती ओळ इतर ओळींच्याच वेगात येते आणि आधीच्या खऱ्या प्रश्नांनी कानाला ‘हो’ म्हणायची सवय लावलेली असल्यामुळे अफवाही सहज आत शिरते. माझ्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला ही कविता ऐकवताना मी तिथे ध्वनिमुद्रण थांबवले. ती वैतागून म्हणाली, “बाबा, लय तोडलीत.” लय तुटली खरी, पण त्यानंतरच तिने विचारले, “हे खरे आहे का?”