हाव सुटते, पण स्वार्थ साधावा लागतो : शब्दचर्चा

'माणूस मुळातच स्वार्थी आणि लोभी असतो की संस्कारांमुळे तसा होतो?' हे वाक्य वरचेवर वाचायला मिळते. त्यात स्वार्थ, लोभ, हाव, हव्यास हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास घातलेले असतात. ते खरोखर समानार्थी आहेत का? आणि 'स्वभाव' विरुद्ध 'संस्कार' ही जोडी तरी पक्की विरुद्धार्थी आहे का?

*

समानार्थी नाहीत. कोशातले अर्थ बाजूला ठेवून त्यांच्यासोबत येणारी क्रियापदे बघा. हाव 'सुटते', जसा वारा सुटतो, खाज सुटते, तोंडाला पाणी सुटते. 'त्याला हाव सुटली' या वाक्यात 'तो' कर्ता नाहीच. हाव त्याच्यावर येऊन आदळली आहे. स्वार्थ मात्र 'साधतात', 'पाहतात'. 'त्याने स्वार्थ साधला' म्हणताना 'ने' लागतो, म्हणजे करणारा कोण ते ठरले. 'त्याला स्वार्थ सुटला' किंवा 'त्याने हाव साधली' असे कुणी म्हणत नाही. हव्यास 'धरतात' किंवा 'बाळगतात', तिथेही हात माणसाचाच. चटक आणि सवय 'लागते', म्हणजे बाहेरून येऊन चिकटते.

थोडक्यात, हाव उपजत आहे का हा प्रश्न मराठीत सहज विचारता येतो. स्वार्थाबाबत तोच प्रश्न विचारला की जरा अडखळायला होते, कारण साधण्यात हिशेब आला आणि हिशेब शिकावा लागतो.

*

यात 'लालूच' राहिली. ती 'दाखवावी' लागते, म्हणजे दाखवणारा दुसरा माणूस हवाच. लालूच जन्मजात आहे का, असे कुणी विचारत नाही ते यामुळेच.

*

> स्वार्थ, लोभ, हाव, हव्यास

लोभ या रांगेत बसवताना जपून. षड्रिपूंमध्ये तो तिसरा, पण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहिणारा काही रिपू मागत नसतो. 'लोभस' ही तर शुद्ध स्तुती. मूळ धातू लुभ्: ओढ वाटणे, भुरळ पडणे. लुब्ध त्यातूनच आला. ओढ माणसाकडे असेल तर लोभ 'जडतो' आणि तो चांगला. वस्तूकडे किंवा पैशाकडे असेल तर 'सुटतो' आणि तो वाईट. त्यामुळे 'लोभ माणसाच्या स्वभावातच आहे' हे वाक्य एकटे वाचले तर टीका आहे की कौतुक तेही कळत नाही. वाईट अर्थच हवा असेल तर 'हाव' लिहावे. तिला चांगली बाजू नाही.

*

स्वार्थालाही जन्मापासून वाईट वास नव्हता. स्व + अर्थ, आपले प्रयोजन, एवढेच. व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. 'तो जातो' हा स्वार्थ. तिथे कुणी कुणाला लुबाडत नाही, क्रियापद फक्त स्वतःचा मूळ अर्थ सांगते. तर्कशास्त्रात स्वतःला समजावे म्हणून केलेले अनुमान ते स्वार्थानुमान, दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेले ते परार्थानुमान.

भर्तृहरीने नीतिशतकात माणसांच्या पायऱ्या लावल्या आहेत: स्वार्थ सोडून परहित करणारे सत्पुरुष, स्वार्थाला बाधा न आणता परहित करणारे सामान्य, आणि स्वार्थासाठी परहित मारणारे मानुषराक्षस. विनाकारण परहित मारणाऱ्यांना काय म्हणावे ते ठाऊक नाही, असे तो शेवटी म्हणतो. मधली पायरी बघा. स्वार्थ असणे हा तिथे दोष नाही. दोष 'मारण्यात' आहे. आज आपण 'स्वार्थी' म्हणतो तो फक्त तिसऱ्या पायरीवरचा. म्हणून अर्थशास्त्राच्या मराठी लेखनात जिथे माणूस आपले हित बघतो एवढेच म्हणायचे असते, तिथे 'स्वहित' लिहावे. 'स्वार्थ' लिहिले की वाचक सिद्धान्त समजून घेण्याआधीच निवाडा देऊन टाकतो.

तीच गत 'स्वार्थी जनुक'ची. हा शब्दप्रयोग १९७६ मध्ये जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी रूढ केला. जनुकाला हेतू नसतो. आपल्या प्रती वाढवणारे जनुक टिकते, इतकाच मुद्दा. असे जनुक पिल्लासाठी जीव धोक्यात घालणारी आईही घडवू शकते. त्यावरून 'माणूस जन्मतः स्वार्थी' असा निष्कर्ष काढणे ही निव्वळ शब्दाने केलेली फसगत.

*

आता संस्कार. शाळेच्या सूचनाफलकावर दिसणारा त्याचा अर्थ बराच अलीकडचा वाटावा, इतका शास्त्रांतला अर्थ निराळा आहे. न्याय-वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनांत संस्कार तीन: वेग, भावना (म्हणजे मनावर उरलेला अनुभवाचा ठसा) आणि स्थितिस्थापक. वाकवलेली फांदी सोडल्यावर पुन्हा जागेवर येते, ती स्थितिस्थापक संस्कारामुळे. आज आपण म्हणतो संस्कार फांदीला वाकवतात. तिथे संस्कार वाकवलेली फांदी पूर्वपदाला नेतात! योगदर्शनात तर संस्कार एका जन्मातून दुसऱ्या जन्मात येतात, म्हणजे आजच्या भाषेत उपजत. 'स्वभाव की संस्कार' हा सामना त्या परिभाषेत लावताच येणार नाही.

'वळण' हा शब्दही दोन्हीकडून खेळतो. मुलांना वळण 'लावतात', पण 'वळणाचे पाणी वळणावर' ही म्हण मूळ प्रवृत्तीबद्दल. 'बाळकडू' हे तर बाहेरून पाजायचे औषध, आणि 'बाळकडूच मिळाले आहे' हे आपण रक्तातच असल्याच्या थाटात म्हणतो. स्वभाव 'पडतो' आणि सवय अंगवळणी 'पडते'. क्रियापद एकच!

याउलट 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण हिशेबाला चोख आहे. वाण म्हणजे वर्ण, रंग. तो जन्माचा, म्हणून बदलला नाही. गुण शेजाराचा, म्हणून 'लागला'.

*

शब्दांतून जेवढे निघते त्याला प्रयोगांची जोड आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्विस मुलांना निवड दिली होती: दोन्ही गोळ्या स्वतःला, की एक आपल्याला आणि एक दुसऱ्या मुलाला. तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम दहातल्या एकाने वाटून घेतले. सात-आठ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेले. पण घाई नको. आठ वर्षांचे मूल वाढलेलेही असते आणि वाढवलेलेही, तेव्हा एवढ्यावरून निकाल लागत नाही. २०१३ च्या एका अभ्यासात सहा वेगवेगळ्या समाजांतली मुले घेतली होती. लहान वयात ती बरीचशी सारखी वागली, मोठी होताना समाजासमाजांत फरक पडत गेला. शेजाराचा गुण लागतो तो इथे.

*

मग खेळणे ओढून घेणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला काय म्हणावे? 'स्वार्थी' चुकीचे ना?

*

हो, चुकीचे. स्वार्थासाठी दुसऱ्याचाही काही 'अर्थ' असतो हे आधी कळावे लागते. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी तीन डोंगरांचे मॉडेल समोर ठेवून मुलांना विचारले, पलीकडे बसलेल्या बाहुलीला काय दिसेल? लहान मुले स्वतःला दिसणारेच चित्र दाखवत. त्यासाठी 'अहंकेंद्री' ही परिभाषा आहे आणि ती शिवी नव्हे. पुढच्या संशोधकांनी प्रयोग सोपा केला तेव्हा त्याहून लहान मुलांनाही जमले, म्हणून वयाचा आकडा लावून धरू नये.

रोजच्या बोलण्यात 'हट्टी' पुरेल. 'हावरट' तेव्हाच म्हणावे, जेव्हा हातात मावत नसतानाही आणखी हवे असते. 'आप्पलपोटा' म्हणायला बाकीचे समोर आहेत हे दिसत असूनही विसरता आले पाहिजे. आणि 'स्वार्थी'च्या आधी जे यावे लागते त्याला मराठीत नेमका शब्द आहे: आपपरभाव.