मैत्रिणीला सांगितलेली गोष्ट प्रार्थनाविनंती होऊन ग्रुपवर आली

नगरची_मुलगी:
सगळ्यांना सलाम. मागच्या महिन्यात तरुण संघातल्या मैत्रिणीला घरातलं सांगितलं, की मिस्टरांची नोकरी गेलीये आणि अजून सासूबाईंना पण सांगितलं नाहीये, आणि चार दिवसांत आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "एका बहिणीच्या घरच्या आर्थिक अडचणीसाठी कळकळीने प्रार्थना करा" असा तिचा मेसेज. नाव नव्हतं, पण आमच्यात कुटुंबंच जेमतेम चाळीस, कळायचं राहतंय का? रविवारी उपासना सुटल्यावर तिघींनी हात दाबून "काळजी करू नकोस हं" केलं. तिला विचारलं तर म्हणे प्रार्थनेत काय लपवायचं. आता मलाच वाटायला लागलंय मी उगाच मनाला लावून घेतेय. ख्रिस्ती मैत्रीण नक्की कशी असावी?

संडेस्कूलवाला:
अजिबात उगाच नाही. बायबलमधलं नीतिसूत्रे ११:१३ वाच, चहाडखोर गुपित फोडतो आणि विश्वासू माणूस ते पोटात ठेवतो, सरळ लिहिलंय. डोळे मिटून केली तरी चहाडी ती चहाडीच. पण मत्तय १८:१५ पण आहे, आधी तिला एकटीला गाठून चूक दाखव, चारचौघांत नको. (इथे टाकलंस ते चालतंय, नाव नाहीये. तसं तिनेही टाकलं नव्हतं म्हणा 😄)

वसईकरीण:
आम्ही कॅथलिक, कन्फेशनमधलं, म्हणजे पापांची कबुली देताना सांगितलेलं, फादर मेले तरी बाहेर काढत नाहीत. मैत्रिणीला तसा नियम नाही पण आपण त्याच भरवशावर बोलतो ना. मला बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठवतात, त्याच्यावर संकटांवर संकटं आली तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द नाही, तेवढंच काय ते त्यांनी बरोबर केलं, पुढे तोंड उघडलं आणि सगळी माती केली, तुझंच काहीतरी पाप असणार म्हणून त्यालाच ऐकवत बसले. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात शेजारीण रोज यायची, भाजी निवडायची आणि जायची, कधी रिपोर्टचं विचारलं नाही. अशी एक असली तरी पुरे.

गिटारवाला_काका:
तिला एकदम व्हिलन करू नका रे. कफर्णहूमात चौघांनी छप्पर उकरून पक्षाघाती मित्राला खाली सोडला, मार्क २, ते काय गुपचूप झालं का? तळमळ असली की माणूस धसमुसळेपणा करतो. अर्थात त्यांनी त्याला येशूपुढे नेऊन ठेवलं, हिने ग्रुपपुढे. आणि योनाथान बघा, बाप शौल राजा त्याच्या मित्राच्या, दावीदाच्या जिवावर उठलेला असताना स्वतः रानात जाऊन त्याला देवाच्या ठायी धीर देऊन आला. मेसेज पाठवण्यापेक्षा ते अवघडच. बाय द वे, मिस्टर कुठल्या लाइनमध्ये आहेत? आमच्याकडे अकाउंट्सला जागा आहे, मेसेज कर.

नगरची_मुलगी:
काका, मेसेज केलाय, थँक यू. काल तिला घरी बोलावलं, स्पष्ट बोलले, आधी तोंड पाडलं मग रडली, बघू आता. आणि धीर करून सासूबाईंना पण सांगून टाकलं, तर त्यांना तीन आठवड्यांपासून माहितीये. महिला मंडळात कळलं म्हणे.