धमनीतला चोर कोण: कोलेस्टेरॉल की आपलेच शिपाई?

पांथस्थ: रिपोर्ट आला की सगळ्यांचं बोट एलडीएलवर, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर. पण धमनीच्या भिंतीत शिरलेलं ते कोलेस्टेरॉल गिळून फुगतात आपल्याच मॅक्रोफेज पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे शिपाई, आणि त्यांच्याच गाळाची गाठ होते. 2017 ची कँटोस चाचणी बघा: अटॅक येऊन गेलेले दहा हजारांवर रुग्ण, सूज उतरवणारं कॅनाकिनुमॅब दर तीन महिन्यांनी टोचलं. एलडीएल होतं तिथंच, तरी 150 मिलिग्रॅमच्या डोसवर अटॅक, स्ट्रोक, हृदयमृत्यू मिळून 15 टक्के कमी. मग एकट्या एलडीएलचीच आरती का?

जुना कंपाउंडर: कारण रशियन शास्त्रज्ञ अनिच्कोव्हनं 1913 मध्ये सशांना नुसतं कोलेस्टेरॉल चारलं आणि त्यांच्या धमन्या बरबटल्या. खाद्यच तोडा, शिपाई काय गिळणार? शिवाय त्याच कँटोसमध्ये जीवघेणे संसर्ग वाढले, एकूण मृत्यू घटले नाहीत, हे बरं गाळलंत! मेथोट्रेक्सेट या सूज उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत तर हाती भोपळा.

पांथस्थ: अहो, मेथोट्रेक्सेटनं सीआरपी, म्हणजे रक्तातली सुजेची खूण, खाली आलाच नव्हता. सूज उतरलीच नाही तर फायदा कुठून दिसणार?

घाटावरची: हॉर्मोन कसे विसरलात दोघंही? 2007 मध्ये टी आणि बी पेशी (हेही प्रतिकारशक्तीचे शिपाईच) नसलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन-2 हे रक्तदाब चढवणारं हॉर्मोन दिलं, रक्तदाब फारसा चढेना. टी पेशी परत घातल्या, चढला. हुकूम हॉर्मोनचा, काठी शिपायांची. आपण रक्तदाबाची रॅमिप्रिल गोळी घेतो ते हा हुकूमच अडवायला.

जुना कंपाउंडर: ताई, रॅमिप्रिल मान्य, ते माणसांवर सिद्ध झालंय. उंदरांचं राहू द्या. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन दिलं की हृदय वाचेल, हाही तर्क छानच होता. 2002 मध्ये 16,608 बायकांवरची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणी मुदतीआधी थांबवली. हार्ट अटॅक कमी व्हायचे सोडून थोडे वाढलेच होते.

घाटावरची: त्यातल्या बऱ्याचजणी साठी ओलांडलेल्या होत्या, तेही लिहा की! आणि कॉल्चिसिनचं काय? गाउटची जुनी गोळी. 2020 मध्ये हृदयविकार स्थिर असलेल्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम दिली, धोका 31 टक्के कमी. आपल्या कळलावीत असतं ते. (कंद उकरायला जाऊ नका, जिवावर बेतेल.)

जुना कंपाउंडर: आणि 2024 मध्ये अटॅकनंतर लगेच दिली, तर काही फरक नाही. गोळी तीच!

पांथस्थ: गोळी तीच, पण वेळ वेगळी. वाद तिथंच आहे, काका. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन मी सोडलेलं नाही हो, रात्रीचं चालूच आहे.