जॅकवरचा स्वस्त पाइप बेंडर घरी घ्यावा काय?

गच्चीकारागीर (धागाकर्ता)

१२ टनी बॉटल जॅक, वर-खाली दोन जाड पट्ट्या, दोन रोलर आणि अर्ध्या इंचापासून दोन इंचांपर्यंतच्या सहा डाय (पाइप ज्यांच्या खाचेत बसवून जॅकने रोलरांवर दाबायचा ते साचे), एवढ्यावर उभा असलेला पाइप बेंडर सध्या काही हजारांत घरपोच मिळतो. नागपुरातल्या ज्या ज्या फॅब्रिकेटरांशी मी बोललो, त्यांतल्या बहुतेकांनी ते खेळणे ठरवले. त्याने पाइप वाकत नाही, पिचकतो, असे त्यांचे म्हणणे. माझे मत वेगळे आहे आणि त्यावर साधकबाधक चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

यंत्र वाईट नाही. त्यात भलताच माल घातला जातो. त्याच्या डाय पाण्याच्या पाइपसाठी घडवलेल्या असतात. पाण्याच्या पाइपचे माप नॉमिनल बोअरने, म्हणजे ढोबळमानाने आतल्या पोकळीवरून सांगतात; आय.एस. १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे पाऊण इंची पाइप बाहेरून सुमारे २६.९ मि.मी. आणि एक इंची पाइप ३३.७ मि.मी. भरतो. फर्निचरची एक इंची नळी मात्र बाहेरूनच मोजतात आणि ती २५.४ मि.मी. असते. ही नळी ‘एक इंच’ असे कोरलेल्या डायमध्ये ठेवली की आठ मि.मी.हून अधिक मोकळीक राहते. पाऊण इंचीच्या डायमध्ये ठेवली तरी दीड मि.मी. उरतेच. वाकताना नळी चपटी होऊन बाजूंना फुगू पाहते आणि डायच्या खाचेच्या भिंती तिला फुगू देत नाहीत, म्हणून गोलाई टिकते. भिंत नळीला टेकलेलीच नसेल तर नळी आधी अंडाकृती होते, अंडाकृती झालेल्या जागी तिची ताकद घटते, पुढचा सगळा वाक त्याच जागी गोळा होतो आणि अखेर घडी पडते. यात जॅकचा काय दोष?

निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम वर्गाचा, पाऊण इंची पाइप घ्यावा. त्याची भिंत २.६ मि.मी. जाड असते आणि तो या यंत्रावर समाधानकारक वाकतो. जिन्याचा कठडा, वेलींचे मांडव, कूलरच्या स्टँडची वरची चौकट, अशा कामांसाठी ज्याला स्वतः लोखंडात हात घालायचा आहे, त्याने हे यंत्र जरूर घ्यावे.

हिंगणा रोडवरचा फॅब्रिकेटर

भाऊ, डायच्या मापाचे तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. घरकामासाठी लोक इतवारीच्या बाजारातून जो माल आणतात, तो बहुतांशी १६ किंवा १८ गेजची नळी असते, म्हणजे भिंत १.६ किंवा १.२ मि.मी. ती हलकी असते, दिसायला सुबक असते आणि वीस फुटांची एक लांबी एकटा माणूस खांद्यावर नेऊ शकतो. पाण्याचा मध्यम पाइप त्याच कामाला वापरला तर वजन आणि खर्च दोन्ही दीडपटीच्या पुढे जातात. म्हणजे यंत्र स्वस्त पडावे म्हणून तुम्ही माल महाग करायला सांगता आहात.

दुसरी गोष्ट अशी की एक वाक काढणे आणि एका नळीत दोन वाक काढणे यांत फार अंतर आहे. दुसरा वाक पहिल्याच्याच पातळीत यावा लागतो. या यंत्रावर नळीला फिरण्यापासून रोखणारी पकड नाही, त्यामुळे जॅक मारता मारता ती थोडी फिरते आणि चौकट जमिनीवर ठेवली की एक पाय उचललेला राहतो. कठड्याच्या डाव्या-उजव्या बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. आमच्याकडे रोटरी ड्रॉ यंत्रात, म्हणजे फिरत्या डायभोवती नळी ओढून वाकवणाऱ्या यंत्रात, नळी क्लॅम्पने डायला बांधलेली असते, मागून तिला दाबून धरणारी प्रेशर डाय सरकत येते आणि पातळ भिंतीसाठी आत मँड्रेल, म्हणजे आधाराचा दांडा, असतो. हे तिन्ही नसताना पातळ नळीचा लहान त्रिज्येचा वाक स्वच्छ येणार नाही, मग जॅक १२ टनांचा असो की २० टनांचा.

आणि कूलरच्या स्टँडला वाक लागतोच कशाला? पंचेचाळीस अंशांत कापा, गुण्यात जुळवा आणि वेल्ड करा.

गच्चीकारागीर

कूलरच्या स्टँडबद्दल उत्तर देतो, कारण नागपुरात हा प्रश्न घरोघरचा आहे. वाळवंटी कूलरच्या टाकीत ८० लिटर पाणी असेल तर पाण्याचेच वजन ८० किलो होते, वर पत्रा, मोटार आणि गवताच्या ताट्या. हे ओझे चार महिने बाल्कनीत ओलीत उभे असते. कापून जोडलेल्या कोपऱ्यात वेल्डच्या आतल्या बाजूला रंग पोहोचत नाही, ताट्यांतून गळणारे पाणी तिथेच साचते आणि गंज त्या सांध्यातूनच सुरू होतो. वाकवलेल्या कोपऱ्याला सांधाच नसल्याने ती जागा गंजाला मिळत नाही. पाय कापूनच जोडावेत, ते वाकवा असे मी म्हटलेले नाही. वरची चौकट मात्र एकसंध असलेली बरी.

पिळाविषयी आपण म्हणता ते खरे आहे, पण त्यावर इलाज आहे. नळीच्या पूर्ण लांबीवर खडूने किंवा मार्करने एक सरळ रेघ ओढून घ्यावी, पहिला वाक झाल्यावर त्या भागाला सपाट पट्टी बांधून पातळीयंत्र ठेवावे आणि दुसरा वाक काढताना दर थोड्या दाबानंतर बुडबुडा पाहत राहावे. वेळ लागतो हे कबूल, पण घरी काम करणाऱ्याला तासाची मजुरी मोजायची नसते.

यंत्रशास्त्राचा शिक्षक

दोन्ही बाजू ताकदीची भाषा करीत आहेत, म्हणून थोडे गणित मांडतो. वाकाच्या बाहेरच्या कडेला बसणारा ताण म्हणजे नळीचा व्यास भागिले मध्यत्रिज्येची (नळीच्या मध्यरेषेपर्यंत मोजलेल्या वाकाच्या त्रिज्येची) दुप्पट. मध्यत्रिज्या व्यासाच्या चौपट असेल तर हा ताण १२.५ टक्के येतो, तिप्पट असेल तर १६.७ टक्के. सौम्य पोलाद तुटण्यापूर्वी सहसा वीस टक्क्यांहून अधिक ताणले जाते, त्यामुळे चांगल्या मालात बाहेरची बाजू फाटण्याचे भय कमी असते. आपण सारे बाहेरच्या बाजूकडे पाहतो, पण बिघडते ती आतली, कारण तिथे भिंत दाबाखाली असते आणि पातळ भिंत दाबाखाली सुरकुतते. ती कितपत टिकेल हे व्यास आणि जाडी यांच्या गुणोत्तरावर ठरते. पाऊण इंची मध्यम पाइपसाठी हे गुणोत्तर १० च्या आसपास आहे, १६ गेजच्या एक इंची नळीसाठी १६ आणि १८ गेजसाठी २१. धागाकर्त्याचा पाइप का वाकतो आणि फॅब्रिकेटर महोदयांच्या गिऱ्हाइकांची नळी का पिचकते, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

शिवणीकडेही लक्ष द्यावे. बाजारातली बहुतेक नळी पट्टी गोल करून विद्युतरोधाने जोडलेली असते आणि आत बोट फिरवले तर तिची शिवण लागते. ती शिवण वाकाच्या बाहेर किंवा आत न येता कुशीला, म्हणजे जिथे ताणही नसतो आणि दाबही नसतो अशा रेषेवर ठेवावी. धागाकर्त्याने रेघ ओढायला सांगितलेच आहे, तर ती शिवणीवरूनच ओढावी.

तसेच दाब सोडला की नळी काही अंश मागे उघडते. ते किती, हे प्रत्येक मालात आणि प्रत्येक त्रिज्येत बदलते, म्हणून त्याच लांबीतला तुकडा आधी वाकवून पाहावा. जास्त वाकलेली नळी उलट दाबून सरळ करण्याचा मोह मात्र टाळावा. एकदा थंड वाकलेले पोलाद कडक झालेले असते आणि उलटा वाक त्याच जागेवर दुसरा घाव घालतो.

ढोपरभर टोमॅटो

मला गच्चीवर हिरव्या जाळीसाठी कमानी हव्या आहेत, तीन मीटर रुंद आणि अर्धगोल. एप्रिल-मे महिन्यांत जाळीशिवाय इथे गच्चीवर काहीही जगत नाही. हे यंत्र घेऊ का?

हिंगणा रोडवरचा फॅब्रिकेटर

ताई, घेऊ नका. दीड मीटर त्रिज्येची कमान या यंत्रावर काढायची म्हणजे वितीवितीवर जॅक मारत जावे लागेल आणि हाती येईल ती कमान नव्हे, कोनांची माळ. त्यासाठी तीन रोलरचे यंत्र लागते. त्यात नळी मागे-पुढे फिरवीत मधला रोलर थोडा थोडा आवळत न्यायचा असतो. तशा यंत्रावर कमानी वळवून देणाऱ्याकडे नळी घेऊन जा.

गच्चीकारागीर

या मुद्द्यावर माझा विरोध नाही. मोठ्या त्रिज्येला हे यंत्र निरुपयोगी आहे.

यंत्रशास्त्राचा शिक्षक

कमानींच्या बाबतीत वाकापेक्षा पायाची चिंता अधिक करावी. इमारतींवरील भारांच्या आय.एस. ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे. इतर गुणांक बाजूला ठेवले तरी त्या वेगाला दर चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलो वजनाइतका दाब येतो. जाळी सच्छिद्र असल्याने तिच्यावर सगळा दाब बसत नाही, पण वळवाच्या आधीचे वादळ आले की कुंडीत रोवलेली कमान उडते. कमानीचे पाय गच्चीच्या कठड्याला बोल्टने बांधावेत.

जीपवाला

मला उघड्या जीपसाठी रोल बार (गाडी उलटली तर डोके वाचवणारी कमान) आणि पुढचा गार्ड करायचा आहे. पाऊण इंची मध्यम पाइप जर एवढा चांगला वाकत असेल, तर तोच दुहेरी लावला तर काय हरकत आहे? बाहेर सांगतात ती किंमत ऐकून घरी करावेसे वाटणारच.

गच्चीकारागीर

हरकत आहे आणि ती स्पष्ट शब्दांत नोंदवतो. पुढचे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे, आणि वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी पाण्याचा पाइप पाण्याचा दाब सोसण्यासाठी असतो, उलटलेल्या गाडीचे वजन झेलण्यासाठी नव्हे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ज्या बाहा स्पर्धेसाठी गाड्या बांधतात, तिच्या नियमांत मुख्य पिंजऱ्याच्या नळीची भिंत ३ मि.मी. आणि पोलादातला कार्बन किमान ०.१८ टक्के असण्याचा दाखला आहे. तिथे नळीचा रासायनिक दाखला हातात असतो, आपल्या हातात दुकानाची पावती असते. या यंत्राची बाजू मी घेतो आहे ती कठडे आणि मांडवांपुरती.

हिंगणा रोडवरचा फॅब्रिकेटर

या एका उत्तराला माझा पूर्ण पाठिंबा.

जुना लोहार

इतकी चर्चा झाली, पण वाळूचे नाव कोणी काढले नाही. नळीत वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे मारायचे, गॅसने लाल करायची आणि साच्याभोवती वळवायची. कोणताही बेंडर न घेता पिढ्यानपिढ्या हे काम असेच झाले आहे आणि पातळ नळीही पिचकत नाही.

यंत्रशास्त्राचा शिक्षक

काका, पद्धत उत्तम आहे, पण घरी करणाऱ्यांसाठी दोन इशारे जोडणे भाग आहे. वाळू पूर्ण भाजून कोरडी केलेली हवी, कारण दोन्ही तोंडे बंद असलेल्या नळीत ओलावा राहिला तर तापवताना त्याची वाफ होते आणि गुट्टा गोळीसारखा सुटतो. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाइप कधीही तापवू नये. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, लाल तापलेल्या पोलादावरून त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंगच्या कामात हा त्रास जुना आणि परिचित आहे. घरगुती कामासाठी काळाच, म्हणजे जस्त न लावलेला, पाइप घ्यावा आणि वाकवून झाल्यावर रंगवावा.

थंड वाकवतानाही वाळू उपयोगी पडते, हे मात्र काकांच्या बाजूने सांगायला हवे. घट्ट भरलेली वाळू नळीला आतून आधार देते आणि १६ गेजची नळी त्यामुळे बरीच सुधारते.

गच्चीकारागीर

त्यात माझी एक भर. या यंत्राचे रोलर नळीला एका रेषेवर टेकतात आणि तिथे खळगा पडतो. जाड पाइपाचा वीतभर तुकडा उभा चिरून त्याच्या दोन अर्धनळ्या कराव्यात आणि रोलर व नळी यांच्यामध्ये पन्हाळीसारख्या ठेवाव्यात, म्हणजे दाब पसरतो. डायच्या ओतीव कडा कानशीने मारून गुळगुळीत कराव्यात आणि खाचेला ग्रीस लावावे. नाहीतर वाकलेला पाइप डायमध्ये असा अडकतो की हातोडीने ठोकून काढावा लागतो. जॅकवर पूर्ण दाब असताना पाइपाच्या टोकासमोर कोणी उभे राहू नये.

हिंगणा रोडवरचा फॅब्रिकेटर

म्हणजे यंत्र विकत घ्यायचे, मग त्याच्या कडा घासायच्या, पन्हाळी करायची, वाळू भाजून भरायची, रेघ ओढायची आणि पातळीयंत्र ठेवायचे. एवढे सगळे करून जो वाक येतो, तो माझ्याकडे चहा संपायच्या आत होतो. लोखंडात हात घालण्याची हौस असेल तर मला काही म्हणायचे नाही, पण पैसे वाचतात म्हणून घ्या असे कोणी सांगू नये.

यंत्रशास्त्राचा शिक्षक

हौस आणि हिशेब यांच्यातला वाद मोजमापाने थोडा कमी करता येईल. वाकाच्या मध्यावर व्हर्निअर कॅलिपरने दोन दिशांनी व्यास मोजावा आणि त्यांतल्या फरकाला मूळ व्यासाने भागावे. २६.९ मि.मी. चा पाइप एका बाजूने २८ आणि दुसऱ्या बाजूने २६ भरला, तर चपटेपणा सुमारे साडेसात टक्के झाला. दाबाखालच्या नलिकांच्या अमेरिकी संहितेत आतून दाब असलेल्या वाकाला आठ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. धागाकर्त्याने आपल्या यंत्रावरचे आकडे इथे द्यावेत.

गच्चीकारागीर

देतो. अर्धनळ्या लावून आणि न लावता, अशी दोन्ही मापे वेगवेगळी देतो.

हिंगणा रोडवरचा फॅब्रिकेटर

अवश्य द्या, पण सर, तुमचे आठ टक्के वाफेच्या नि तेलाच्या नळ्यांना शोभतात. कठड्याचा वाक गिऱ्हाईक कॅलिपरने तपासत नाही, त्यावरून तळहात फिरवते. साडेसात टक्के हाताला लगेच कळतात, आणि तेवढ्यावर माझ्याकडचा माल परत येतो.