शब्दचर्चा : तकलीफ

भुसावळहून विचारणा : शेजारचे चाचा वारले, त्यांच्या जियारतीला, म्हणजे मृत्यूनंतरच्या प्रार्थनेला गेलो होतो. बयानात (प्रवचनात) मौलाना म्हणाले, 'जन्नत में तकलीफ नहीं.' मी मान डोलावली, चला, दुखणं-खुपणं सुटलं. चाचांचा मुलगा मदरशात शिकलेला. कानाशी येऊन म्हणाला, 'भाऊ, ती तकलीफ नव्हे.' मग कोणती?

जळगाव : पोरगं बरोबर आहे. अरबी धातू क-ल-फ. धर्मशास्त्रात तकलीफ म्हणजे अल्लाहने माणसावर टाकलेली जबाबदारी : नमाज, रोजा, हलाल-हराम. ती ज्याच्यावर आहे तो 'मुकल्लफ', वयात आलेला आणि भानावर असलेला. लहान पोर, वेडा माणूस त्यातून सुटलेले. जन्नतमध्ये सगळेच सुटतात, मौलाना म्हणाले ते हेच. कुरआनच्या दुसऱ्या सूऱ्याची (अध्यायाची) 286वी आयत सांगते की अल्लाह कोणावर झेपेल त्याहून जास्त भार टाकत नाही. तिथलं क्रियापद याच धातूचं. आपल्यापर्यंत शब्द फारसीतून आला तो नुसता भार घेऊन. टाकणारा वाटेत गळला.

धुळे : खरंय. आमच्याकडे 'काय तकलीफ शे तुले?' म्हणणाऱ्याच्या मनात फर्ज-बिर्ज काही नसतं. पण मग तिकडे जन्नतमध्ये दारू चालते ती यामुळेच का?

जळगाव : बऱ्याच अंशी. 47व्या सूऱ्यात दारूच्या नद्या आहेत, पण 56वा सांगतो की तिनं ना डोकं दुखेल, ना शुद्ध हरपेल. बंदी उठली आणि बंदीचं कारणही. सोनं-रेशीम पुरुषांना इथं मना, तिथं मात्र सोन्याची कंकणं आणि हिरवं रेशीम. म्हणून या जगाला 'दारुत्तकलीफ', जबाबदारीचं घर म्हणतात, पुढच्याला 'दारुल जझा', मोबदल्याचं घर. हजरत अलींचं वचन आहे : आज अमल (कृती) आहे, हिशेब नाही, उद्या हिशेब असेल, अमल नसेल.

नंदुरबार : म्हणजे तिथं देवाचं नावच नाही?

जळगाव : असं कसं! 'सहीह मुस्लिम' या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, म्हणते, जन्नतवाल्यांना तसबीह (अल्लाहचं गुणगान) श्वासासारखी आपसूक सुचेल. श्वास कोणी फर्ज म्हणून घेतं का? एक पाचर मात्र आहे. 68व्या सूऱ्यात कयामतीच्या दिवशीही सजद्याला, म्हणजे अल्लाहपुढे माथा टेकायला बोलावणं आहे. त्यामुळे काही उलमांच्या (धर्मपंडितांच्या) मते तकलीफ मेल्याबरोबर संपत नाही, जन्नत किंवा जहन्नममध्ये पाऊल पडल्यावर संपते.

भुसावळ : हे सगळं त्या मुलाला वाचून दाखवलं. म्हणाला, 'तकल्लुफ' पण त्याच धातूचा, स्वतःहून ओढवून घेतलेलं ओझं. आणि चहाचा कप पुढे सरकवला, 'तकल्लुफ नको, भाऊ.'